हिवाळ्यात अंथरूण सुटत नाही, हा आळस आहे का?

वाचकाचं पत्र

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही एडिनबराला आलो, हा इथला तिसरा हिवाळा. मी घरूनच काम करते. पहिला हिवाळा नव्याच्या नवलाईत गेला. गेल्या वर्षी मात्र दिवाळी संपली आणि मला काहीतरी व्हायला लागलं. यंदाही तसंच. रात्री दहाला झोपूनही सकाळी नऊपर्यंत अंथरूण सुटत नाही. हातपाय शिशासारखे जड वाटतात. दुपारी चारनंतर गोड, पाव, बटाटा, जे दिसेल त्यावर तुटून पडते. गेल्या हिवाळ्यात चार किलो वजन वाढलं, उन्हाळ्यात त्यातलं निम्मंच उतरलं. कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आईचा फोनही टाळते. ती म्हणते, ‘अगं, थंडीत सगळ्यांनाच आळस येतो, झटकून टाक.’ एप्रिल आला की मी आपोआप बरी होते, म्हणून मलाही वाटतं की हे माझंच ढोंग असेल. ऑनलाइन एक दिवा मागवला. संध्याकाळी काम संपल्यावर लॅपटॉपमागच्या फळीवर ठेवून आठ दिवस लावला, काही फरक पडला नाही. आईने व्हिटॅमिन डीची पाकिटं पाठवली आहेत. डिसेंबरात महिनाभर भारतात यावं का? कधीकधी वाटतं, सकाळी उठूच नये.

सल्ला

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेऊ. ‘उठूच नये’ म्हणजे पांघरुणातून बाहेर यायला नको वाटतं की जगायलाच नको वाटतं, हे पत्रावरून कळत नाही आणि त्याचा अंदाज बांधून पुढे जाणं बरोबर नाही. दुसरा अर्थ असेल, अगदी क्षणभर येऊन जाणारा असला तरी, आजच नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा आणि तुमच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, त्याच दिवशीची वेळ मागा. दवाखाना बंद असेल तर सरकारी आरोग्यसेवेच्या १११ ला फोन करा. मनातलं ऐकून घेणाऱ्या सॅमॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. जिवाला धोका आहे असं वाटलं तर ९९९. हे सदर भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

आता मूळ प्रश्न. हा आळस नाही आणि ढोंग तर नाहीच. ढोंग करणारा माणूस एप्रिलची वाट बघत बसत नाही. ठरावीक ऋतूत येणारं आणि ठरावीक ऋतूत जाणारं हे नैराश्य मानसोपचारात ओळखीचं आहे. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव दिलं. रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून अमेरिकेच्या उत्तर भागात गेलेले. तुमच्यासारखंच. नेहमीच्या नैराश्यात बहुतेकांची झोप उडते, भूक मरते. हिवाळी नैराश्यात उलटं होतं: झोप वाढते, पिठूळ आणि गोड खाण्याची ओढ लागते, वजन वाढतं, हातपाय जड होतात, माणसं नकोशी होतात. तुम्ही न विचारता यातलं प्रत्येक लक्षण लिहिलं आहे. लागोपाठ दोन वर्षं त्याच काळात येणं आणि वसंतात पूर्ण उतरणं, ही निदानातली महत्त्वाची अट आहे. तीही तुमच्याबाबतीत पूर्ण होताना दिसते. तरी शिक्कामोर्तब डॉक्टरांनीच करायचं. का, ते पुढे येईलच.

आईला हे पटत नाही यात तिचा दोष नाही. साताऱ्यात डिसेंबर हा वर्षातला सर्वांत सुखाचा महिना. सकाळी कडाक्याची थंडी, पण आठ वाजता अंगणात लख्ख ऊन. तिथला वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो आणि त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ४९ अंश वर असतो. एडिनबरा ५६ अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरचा दिवस सात तासांचा, आणि भर दुपारी सूर्य ११ अंशही वर चढत नाही. आईला ‘थंडी’ या शब्दाने समजावू नका, कारण थंडी तिने पाहिली आहे. तिला सांगा, की इथे सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत दिवेलागण होते, तेही मळभ नसेल तर. तुम्हाला बाधतोय तो अंधार, गारठा नव्हे. म्हणून हीटर वाढवून आणि दोन स्वेटर घालून यात काही सुधारत नाही.

अंधार बाधतो कसा? डोळ्याच्या पडद्यात, दिसण्याशी थेट संबंध नसलेल्या काही पेशी असतात. त्यांचं काम बाहेर किती उजेड आहे एवढंच मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. हे घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा थोडं हळू चालतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. रोज सकाळचा भरपूर उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा वेळेवर येतं. साताऱ्यात हे काम गॅलरीतला चहा करतो, कुणाला पत्ताही लागत नाही. एडिनबऱ्यात नोव्हेंबरपासून तो धक्का मिळत नाही, आणि अनेकांचं घड्याळ मागे पडत जातं. मग सकाळी नऊ वाजता तुम्ही उठता, पण शरीराच्या हिशेबाने ती अजून पहाट असते, रात्रीची रसायनं अंगात तशीच असतात. जडपणा तिथून येतो. घरून काम करण्याने भर पडते, कारण ऑफिसला जाणारा माणूस निदान बसस्टॉपपर्यंत तरी आकाशाखाली चालतो.

आता तुमच्या दिव्याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. दिव्याचा उपचार हा औषधासारखाच डोसाचा मामला आहे: किती उजेड, किती अंतरावरून, किती वाजता, किती वेळ, किती दिवस. यातलं एक चुकलं तरी परिणाम घटतो. तुमच्या पत्रात यातल्या किमान तीन गोष्टी चुकलेल्या दिसतात.

उजेड मोजतात लक्समध्ये. संध्याकाळी घरातल्या बैठकीच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स असतात, चांगल्या ऑफिसात पाचशेपर्यंत. स्कॉटलंडमधल्या ढगाळ दुपारीही बाहेर उघड्यावर काही हजार लक्स मिळतात. स्वच्छ उन्हात पन्नास हजार ते लाख. आपला डोळा उजेडातल्या बदलाला इतका सरावतो की तीनशे आणि तीन हजारांतला खरा फरक त्याला जाणवत नाही. ‘खोलीत चांगला उजेड आहे’ या अंदाजावर म्हणूनच विसंबू नये. अभ्यासांतून सर्वांत जास्त वापरला गेलेला डोस असा: दहा हजार लक्स, अर्धा तास, सकाळी. दिवा कमी ताकदीचा असेल तर वेळ वाढते. पाच हजारांना एक तास, अडीच हजारांना दोन तास.

दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०,००० लक्स’ लिहिलेलं असतं. ते कुठल्या अंतरावरचं, हे मात्र आतल्या कागदावर बारीक अक्षरांत असतं. लहान, टॅबलेट संगणकाएवढ्या दिव्यांत ते बहुधा १५ सेंटिमीटर निघतं. म्हणजे नाक दिव्याला टेकायचं बाकी. तोच दिवा अर्ध्या मीटरवर नेला की उजेड हजार-दोन हजारांवर येतो. फळीवर, तुमच्या डोळ्यांपासून मीटरभर लांब ठेवला असेल तर काही शेच लक्स उरतात, म्हणजे साध्या ट्यूबलाइटइतके. ही पहिली चूक. ‘डेलाइट’ लिहिलेला साधा बल्ब लावूनही भागत नाही. तो शब्द फक्त रंग सांगतो, तीव्रता सांगत नाही. आठशे ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड) बल्ब मीटरभर अंतरावर साठ-पासष्ट लक्सच देतो. असे दहा लावले तरी तुम्ही हजाराच्या आतच राहता.

दुसरी चूक वेळेची, आणि ती जास्त महागात पडते. संध्याकाळी सातला घेतलेला तेज उजेड घड्याळाला पुढे ओढण्याऐवजी आणखी मागे ढकलतो. रात्री झोप उशिरा, सकाळी जडपणा जास्त. तुम्ही उपचार उलट्या दिशेने केलात. उलट दिशेने गेलेला उपचार ‘फरक नाही’ एवढ्यावरच थांबला, हे नशीब.

तिसरी चूक आठ दिवसांत सोडण्याची. बहुतेकांना पहिला फरक आठवड्याच्या आसपास जाणवतो, पण निकाल लावायला तीन आठवडे द्यावे लागतात. तेही रोज, शनिवार-रविवार धरून.

तर पुन्हा सुरुवात करा. तुमच्या दिव्याचा कागद शोधा. १५-२० सेंटिमीटरचा दिवा असेल तर तो परत करता येतो का बघा आणि साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर पृष्ठभागाचा, ४० ते ६० सेंटिमीटर अंतरावर दहा हजार लक्स देणारा घ्या. उजेड पांढरा हवा, अतिनील किरण गाळलेले हवेत, आणि वैद्यकीय उपकरण असल्याची खूण असावी. नुसता निळा उजेड देणारे दिवे घेऊ नका. डोळ्यांना त्रास जास्त, जास्तीचा फायदा सिद्ध नाही. लांबी मोजायची टेप आणा आणि खुर्चीवर नेहमीसारखं बसून भुवईपासून दिव्यापर्यंत प्रत्यक्ष मोजा. अंदाजाने बसलेली माणसं हमखास लांब बसतात. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप चेहऱ्याजवळ धरून पाहिलं तर ढोबळ कल्पना येते, त्याहून जास्त भरवसा त्यावर ठेवू नका.

दिवा नाश्त्याच्या टेबलावर ठेवा, सरळ समोर नको. थोडा बाजूला, घड्याळात दहा किंवा दोन वाजलेले असतात त्या दिशेला, आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर, खाली झुकवलेला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून चहा प्या, खा, वाचा, आईला फोन लावा. चष्मा चालतो, रंगीत काचेचा मात्र नको. पहिले तीन दिवस पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. डोकं दुखलं, डोळे चुरचुरले किंवा मळमळलं तर दिवा थोडा लांब न्या किंवा वेळ कमी करा. दोन-चार दिवसांत हे बहुधा थांबतं. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर वेळ पंचेचाळीस मिनिटं ते तासापर्यंत वाढवून पाहता येते. रात्री अकारण तरतरी आली किंवा पहाटे चारला जाग यायला लागली, तर वेळ आणि डोस दोन्ही तपासा.

दिवा उठल्यापासून तासाभरात. पण उठायचं कधी? इथे थोडी कळ सोसावी लागेल. तुम्ही सध्या नऊला उठता, तर पहिल्या आठवड्यात साडेआठ, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात साडेसात, अशी अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ अलीकडे आणा आणि तिथे थांबा. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ. शनिवारी-रविवारी अकरापर्यंत झोपलं की आठवड्याची कमाई त्या दोन सकाळी जाते. अंधारात गजर बंद करून पुन्हा झोपण्याची सवय मोडायला पहाट दिवा उपयोगी पडतो. उठायच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास तो हळूहळू उजळत जातो. त्याचा उजेड मोठ्या दिव्यापुढे फार कमी, म्हणून त्याला पर्याय समजू नका. अंथरुणातून बाहेर काढण्यापुरता मात्र तो कामाचा आहे.

दिवा सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासायच्याच आहेत. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने डोळ्याच्या पडद्याचा आजार, काचबिंदू, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यापैकी काही असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. काही औषधांनी त्वचा किंवा डोळे उजेडाला हळवे होतात. मुरमांसाठीच्या डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या त्यातल्याच. औषधं चालू असतील तर फार्मासिस्टला यादी दाखवा. तिथल्या दुकानांत मनाच्या उभारीसाठी म्हणून सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती चिठ्ठीशिवाय मिळते. ती घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते आणि नैराश्याच्या औषधांसोबत धोकादायक ठरू शकते.

सर्वांत महत्त्वाचं: तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये तुम्ही बऱ्या होता. नुसत्या बऱ्या, की बऱ्याच्याही पलीकडे? चार-पाच तास झोपून दिवसभर धावपळ, अखंड बडबड, एरवी न होणारी खरेदी, एकदम दहा बेत, असे दिवस कधी आले आहेत का? नवऱ्याला विचारा, त्याला जास्त आठवेल. घरात कुणाला बायपोलर आजार आहे का? यातल्या कशाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवा लावू नका. तेज उजेड अशा माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकतो.

डॉक्टरांकडे जायचं ते दिव्याने फरक पडला नाही तर, असं नाही. आधीच जा. थकवा, वजन, झोप ही लक्षणं थायरॉइड मंदावल्यानेही येतात, लोह आणि बी-१२ कमी असल्यानेही. शाकाहारी घरातल्या बायकांत ही कमतरता इतकी नेहमीची आहे की ती तपासल्याशिवाय सगळं हिवाळ्यावर ढकलणं चूक ठरेल. जीपीची भेट दहा मिनिटांची असते आणि आपल्याकडची माणसं त्यातली सात मिनिटं ‘तशी मी ठीक आहे’ सांगण्यात घालवतात. म्हणून एका कागदावर लिहून न्या: त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, कधी गेला, गेल्या वर्षी आणि यंदा, किती तास झोप, किती किलो, कामात काय अडतंय. ‘सकाळी उठूच नये’ हे वाक्यही लिहा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी तिथे भरून घेतात, गुण शून्य ते सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त आले की नुसतं ‘बघू या’ म्हणून भागत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासता येईल का, हे स्वतः विचारा.

ते गोळ्या सुचवतील तर बिचकू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत ९६ रुग्णांपैकी निम्म्यांना सकाळचा दहा हजार लक्सचा दिवा आणि निम्म्यांना २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं होतं. आठ आठवड्यांनी दोन्हींकडे सुधारणा सारखीच, सुमारे दोन तृतीयांश लोकांत; दिव्याचा परिणाम थोडा आधी दिसला. म्हणजे कोणतीही एक वाट हीन नाही, आणि दोन्ही एकत्रही चालतात. गोळ्या सुरू केल्या तर बरं वाटायला लागलं म्हणून मनाने बंद मात्र करू नका. स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत, दिवा मात्र बहुतेकांना पदरचे पैसे घालूनच घ्यावा लागतो. तिसरी वाट बोलण्याच्या उपचाराची, म्हणजे सीबीटीची. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांच्या गटाने १७७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत पहिल्या हिवाळ्यात दिवा आणि सीबीटी बरोबरीत राहिले. पण दोन हिवाळ्यांनंतर आजार परतण्याचं प्रमाण दिव्याच्या गटात सुमारे ४६ टक्के, तर सीबीटीच्या गटात सुमारे २७ टक्के होतं. सरकारी व्यवस्थेत त्यासाठी रांग असते, म्हणून नाव आत्ताच घाला.

आईने पाठवलेल्या पाकिटांबद्दल. भारतात व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्यातून एक, असं देतात. ते कमतरता ठरल्यावर, ठरावीक आठवडे घ्यायचं औषध आहे. तपासणी न करता, महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून हे जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी ते वर्षभर घ्यावं, असाही सल्ला आहे. हाडांसाठी ते जरूर घ्या. पण त्याने मनाची मरगळ जाईल ही आशा धरू नका, तेवढा पुरावा नाही. दिव्यातूनही डी मिळत नाही, कारण त्यातले अतिनील किरण मुद्दाम गाळलेले असतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

दिवसातला दुसरा उजेड फुकट आहे. दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास बाहेर पडा, मळभ असलं तरी. कुठे चालता याला तिथे महत्त्व आहे. सूर्य इतका खाली असतो की चार मजली दगडी इमारतींच्या गल्ल्या दिवसभर सावलीतच राहतात. द मेडोज किंवा लीथ लिंक्ससारखं मोकळं मैदान गाठा, जिथे आकाश मोठं दिसतं. गॉगल नको. पावसासाठी टोपीचं जॅकेट ठेवा, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. कामाचं टेबलही भिंतीकडून खिडकीला लावून घ्या, शक्यतो दक्षिणेच्या. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की बाहेरच्या उजेडाचा थोडासाच वाटा उरतो.

खाण्याबाबत एवढंच, की हिवाळ्यात डाएट सुरू करू नका. चारची खा-खा ही चवीची हौस नाही, ती आजाराचा भाग आहे, आणि उपाशी राहून ती दुप्पट होते. सकाळी नुसते पोहे किंवा टोस्ट न खाता सोबत अंडं, मुगाचं धिरडं किंवा दही असू द्या. साडेतीनलाच, भूक भडकायच्या आधी, मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे खा. बिस्किटांचा डबा नवऱ्याला वरच्या फळीवर ठेवायला सांगा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. नवऱ्याचं दुसरं काम: ठरलेल्या वेळी पडदे उघडायचे, दिवा लावायचा आणि चहा त्याच्यासमोर ठेवायचा. उपदेश करायचा नाही. आठवड्यातून एक वेळ माणसांत जायची ठरवून ठेवा, आणि ती तुम्हाला सहज रद्द करता येणार नाही अशी ठरवा. पैसे भरलेला क्लास, कुणाला तरी आणायला जायचं, काहीही. मन लागेल तेव्हा जाऊ म्हटलं तर फेब्रुवारी उजाडतो.

भारतात यावं का? जरूर या, पण उपचार म्हणून नको. उजेडाची पुंजी साठत नाही. महिनाभर साताऱ्याच्या उन्हात छान वाटेल, आणि परतल्यावर काही दिवसांत पुन्हा तेच सुरू होईल. त्या वेळी दिवा तयार नसेल तर पडणं जास्त लागतं. शक्य असेल तर डिसेंबरऐवजी जानेवारीत या. एडिनबऱ्यात सर्वांत लवकर सूर्यास्त डिसेंबरच्या मध्यालाच होऊन जातो, पण सूर्योदय डिसेंबरच्या अखेरीपर्यंत उशिरा-उशिरा होत जातो. ‘२१ तारखेनंतर दिवस मोठा होतो’ हे खरं असलं तरी तो आधी संध्याकाळकडून वाढतो, आणि तुम्हाला हवी आहे सकाळ. संक्रांत घरी करून महिनाअखेर परत गेलात तर तोवर तिथला दिवस साडेआठ तासांचा झालेला असेल. परतताना घड्याळ साडेपाच तास मागे जातं. पहिले काही दिवस पहाटे चारलाच जाग येईल. तेव्हा लगेच दिवा लावू नका, मंद उजेडात बसा, आणि साडेसातला नेहमीप्रमाणे दिव्यासमोर या. संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतील तरी नऊपर्यंत कळ काढा. लवकर उठण्याची वेळ अशी अनायासे हाती लागते, ती सोडू नका.

दिवा मार्चअखेरपर्यंत रोज चालू द्या. फेब्रुवारीत बरं वाटलं म्हणून बंद केला तर बहुतेकांना काही दिवसांतच पुन्हा मरगळ येते. एप्रिलमध्ये रोज पाच-पाच मिनिटं कमी करत थांबवा. आणि पुढच्या वर्षी दिवाळीची वाट बघू नका. सप्टेंबरच्या शेवटी, अजून छान वाटत असतानाच दिवा टेबलावर काढून ठेवा, वीस मिनिटांपासून सुरू करा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातील तोवर अर्ध्या तासावर आलेल्या असा. त्याच आठवड्यात जीपीची एक वेळ आधीच घेऊन ठेवा.